भेंडीचा ठसा, तामणाचा रंग

१८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचं एक शुभेच्छापत्र काढून घेतलं. विक्रीसाठी छापलेलं पहिलं नाताळ-कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र धाडण्याची सोय झाली होती, त्यामुळे अशा कार्डाला गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता निर्माण झाली होती. आपल्याला त्यात रस आहे तो छपाईच्या रीतीमुळे. कार्डाच्या रेघा शिळाछापाने उमटवल्या होत्या आणि रंग एकेका प्रतीवर हाताने भरला होता. रेघ छापाची, रंग हाताचा. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत आज जी मंडळी फुलाचा ठसा उमटवून त्यात वॉटरकलर क्रेयॉनने रंग भरतात, त्यांची रीत हीच आहे.

ही रीत टिकली याला कारण आहे. चित्र काढायचं म्हटलं की बहुतेक मोठी माणसं हात आखडता घेतात. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेले लोकसुद्धा ‘आता सवय राहिली नाही’ म्हणून बाजूला होतात. ठसा त्यांच्या मनातली रेघेची भीती काढून घेतो आणि रंगाचं सगळं काम त्यांच्याकडे ठेवतो. दहा कार्डं केली तर दहाही कार्डांवरची रेघ एकच असते, पण रंग दहा तऱ्हांचा उतरतो. दुकानातल्या छापील कार्डात हे वेगळेपण मिळत नाही, आणि पूर्ण हाताने काढायला बसलं तर दिवाळीपर्यंत दोनचार प्रतीच हाती लागतात.

मराठी घरांत कार्डाचा सण म्हणजे दिवाळी, आणि त्याच्या बरोबरीने संक्रांत. लांबच्या माणसाच्या हातावर तिळगूळ ठेवता येत नाही, म्हणून छोट्याशा कार्डासोबत चिमूटभर हलवा पाकिटात घालून पाठवण्याची रीत अनेक घरांनी वर्षानुवर्षं पाळली. मोबाइलवरच्या फुकटच्या संदेशांनी ती मागे पडली. ती परत आणायची असेल तर कार्ड असं हवं, की जे मोबाइलवर पाठवताच येणार नाही. ज्याच्या कागदावरून बोट फिरवलं की रंगाचा थर हाताला लागतो, असं.

आता फूल कोणतं घ्यायचं, हा प्रश्न. बाजारात आणि ऑनलाइन मिळणारे ठशांचे संच पाहिले तर त्यांत पिअनी, डॅफोडिल, लव्हेंडर, चेरीचा बहर ही फुलं पुन्हा पुन्हा दिसतात. ठसे सुबक असतात, पण माझं मत त्यांच्या बाजूचं नाही. ठसा फक्त बाह्यरेषा देतो. पाकळी देठाशी गडद की कडेला गडद, मधला डोळा पिवळा की पांढरा, जुनं फूल फिकट पडतं की तपकिरी होतं, हे ठसा सांगत नाही. ते रंगवणाऱ्याला माहीत असावं लागतं. ज्याने पिअनी कधी पाहिलीच नाही तो दुसऱ्याच्या चित्रावरून रंग उचलतो, आणि त्याचं कार्ड नकलेची नक्कल होतं. सदाफुली मात्र आपल्या गॅलरीतच असते. एक फूल खुडून कागदाशेजारी ठेवलं की लक्षात येतं, तिच्या पाच पाकळ्या सरळ मांडलेल्या नसतात. प्रत्येक पाकळी किंचित एका बाजूला कललेली असते, त्यामुळे फूल फिरल्यासारखं दिसतं. तगरीचंही तसंच. पारिजातकाच्या पाकळ्या पाच ते आठ, टोकाला खाच असलेल्या, आणि खाली केशरी नळी. ही फुलं आपल्या ओळखीची आहेत.

झाडं तर रस्त्यावरच उभी असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ठाण्याहून मुंबईकडे जाताना पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीपाशी टॅबेबुयाची झाडं गुलाबी होतात. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण आता आपल्या नजरेतलं झालं आहे. एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. घोस खाली लोंबतो, आणि देठाकडची म्हणजे वरची फुलं आधी उमलतात. त्यामुळे टोकाला कळ्याच राहतात. कार्डावर बहावा करताना वर मोठं फूल, खाली लहान, अगदी खाली नुसते हिरवट-पिवळे ठिपके, असा क्रम ठेवला की घोस खरा वाटतो. त्याच दिवसांत तामण फुलतं, आपल्या राज्याचं फूल. त्याच्याकडे पुढे सविस्तर येऊ. फुलं हातात घेऊन न्याहाळायची असतील तर पहाटे कल्याणला बाजार समितीच्या फूल बाजारात किंवा ठाण्याला जांभळी नाक्यावर जावं. झेंडू आणि शेवंती तिथे भरपूर, आणि दोन्ही शिकण्याजोगी. या फुलांत आपण जिला पाकळी म्हणतो ते खरं तर एकेक स्वतंत्र इवलंसं फूल असतं. म्हणून झेंडूचा ठसा पाच पाकळ्यांचा कधीच जमत नाही. तिथे एका ठिकाणी अनेक लहान ठसे दाटीने मारावे लागतात.

ठसा विकत आणण्याआधी स्वयंपाकघरात जावं. प्राथमिक शाळेत कार्यानुभवाच्या तासाला भेंडीचे ठसे ज्यांनी मारले असतील, त्यांना ते मुलांचं खेळणं वाटत असेल. पण भेंडी आडवी कापल्यावर जी आकृती दिसते ती नीट पाहा. पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात बी, आणि मधोमध एक बिंदू. कधी सहा, सात, आठ कप्पेही निघतात. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. जास्वंदीच्या पाच पाकळ्या आणि भेंडीचे पाच कप्पे ही एकाच कुळाची पंचकोनी ठेवण आहे. भेंडीचं स्वतःचं फूलही पाच पाकळ्यांचं, पिवळं, पोटात गडद मरून. म्हणजे भेंडीच्या ठशाने भेंडीचंच फूल रंगवता येतं, आणि ते फार देखणं होतं.

यासाठी भेंडी कोवळी नको. भाजीला आपण जी बाजूला टाकतो ती जून भेंडी घ्यावी, कारण तिच्या कप्प्यांच्या भिंती दाबाखाली मोडत नाहीत. देठापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धारदार सुरीने एका झटक्यात कापावी. करवतल्यासारखी कापली तर कड फाटते आणि ठसा धूसर येतो. मग तो चिकट बुळबुळीतपणा. तो राहिला तर रंग भेंडीला धरत नाही. कापलेलं तोंड जुन्या वर्तमानपत्रावर उपडं ठेवून पंधरावीस मिनिटं सुकू द्यावं आणि एकदा टिपून घ्यावं. रंग लावताना भेंडी रंगात बुडवू नये. ब्रशने पातळ थर द्यावा. पहिला ठसा नेहमी जाड येतो, तो रद्दी कागदावर घालवावा आणि दुसऱ्यापासून कार्डावर यावं.

भेंडीची भावंडंही कामाची आहेत. दोडक्याला दहा धारा असतात; त्याच्या चकतीचा ठसा शेवंतीच्या तळासारखा दिसतो. कमरख कापलं की पाच टोकांचा तारा मिळतो. आणि कमळकाकडी. कल्याणशेजारच्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबांच्या स्वयंपाकात ती नेहमीची, त्यामुळे तिथल्या भाजीबाजारात सहज मिळते. तिच्या चकतीत भोकांचं जे कडं असतं त्याचा ठसा कुठल्याही कारागिराने कोरलेल्या ठशाला मान खाली घालायला लावेल असा उमटतो.

भाजीचा ठसा दुसऱ्या दिवशी टाकून द्यावा लागतो. टिकाऊ ठसा हवा असेल तर साधं मोठं पांढरं खोडरबर कोरावं. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने फूल काढायचं, तो कागद उपडा करून खोडरबरावर दाबायचा आणि मागून नखाने घासायचं. चित्र आपोआप उलटं उतरतं, आणि ठसा मारल्यावर सुलटं येतं. देवनागरी अक्षरं कोरताना हे फार महत्त्वाचं. ‘शुभ दीपावली’ सुलटी कोरून बसलेल्या माणसाचे सगळे श्रम वाया जातात. शिरोरेषा आधी कोरून घ्यावी. तिच्या आधाराने अक्षरं एका ओळीत राहतात आणि ठसा कागदावर सरळ बसवायलाही तीच उपयोगी पडते.

आता शाई. ऑफिसात वापरतात ते निळं-जांभळं स्टॅम्प पॅड इथे चालत नाही. ती शाई पाण्यात विरघळते, आणि आपण तर रेघेच्या आत ओला ब्रश फिरवणार आहोत. जांभळा ओघळ पाकळीत उतरला की कार्ड गेलंच. पाण्याने न हलणारी शाई मागून घ्यावी आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. एका तुकड्यावर ठसा मारावा, दहा मिनिटं थांबावं, वरून ओला ब्रश ओढावा. रेघ जागची हलली नाही तरच ती शाई कामाची.

विरघळणारा रंग आणि न विरघळणारा रंग यांतला फरक डोंबिवलीकरांना वेगळा सांगायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, त्याची छायाचित्रं देशभर गेली आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहणी करायला आले. ही सगळी नगरी रंग-रसायनांच्या शेजारात वाढली. ठाण्यात कोलशेतला सँडोजचा, पुढे क्लॅरियंटच्या नावाने ओळखला जाणारा कारखाना होता. त्या जागेवर आता निवासी मनोरे आहेत. रसायनशास्त्राच्या भाषेत रंगाच्या दोन जाती आहेत. एक पाण्यात साखर विरघळावी तशी पूर्ण विरघळते आणि धाग्यात, कागदात मुरते. दुसरी बारीक भुकटी असते, ती पाण्यात नुसती तरंगते आणि पाणी उडालं की कागदावर थर होऊन बसते. चित्रकाराच्या रंगात बहुधा ही दुसरी जात असते, कारण ती उन्हाला जास्त टिकते. वॉटरकलर क्रेयॉनमध्येही हीच भुकटी, पण ती बांधलेली असते पाण्यात मिसळणाऱ्या मेणासारख्या द्रव्याने.

इथेच पुष्कळांची गफलत होते. शाळेच्या दप्तरातला मेणाचा खडू आणि ऑइल पेस्टल पाण्याला जवळ करत नाहीत. त्यांच्यावर कितीही ओला ब्रश फिरवला तरी रंग पसरत नाही. वॉटरकलर क्रेयॉन दिसायला तसाच, पण ओल्या बोटाने घासला की लगेच विरघळून बोटाला लागतो. दुकानात ओळखायची हीच खूण. परदेशी क्रेयॉन महाग पडतात; न परवडल्यास वॉटरकलर पेन्सिली घ्याव्यात, तत्त्व तेच. पाण्यात विरघळणारी पहिली रंगीत पेन्सिल स्वित्झर्लंडच्या कारान दाश कंपनीने १९३१ साली काढली. त्याच वर्षी मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला. पुढे तो कॅमलिन झाला आणि कॅमलचे रंग महाराष्ट्रातल्या घरोघरी पोचले. पाण्याला न जुमानणारा मेणाचा खडूही टाकाऊ नाही बरं का. पांढऱ्या खडूने कागदावर तगरीचं फूल काढा, ते दिसणारच नाही. वरून हिरव्या रंगाचं पातळ पाणी फिरवा. मेणावर पाणी थांबत नाही आणि पांढरी तगर हिरव्या पानांतून उमलून येते.

आता तामण. मे महिन्यात फुललेला एक तुरा समोर ठेवा. सहा पाकळ्या, क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या, देठाशी अगदी अरुंद. मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. तुरा खालून वर उमलत जातो, म्हणून टोकाला हिरवट-तांबूस गोल कळ्या. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ताजं फूल गडद जांभळं असतं, जुनं होत गेलं की फिकट, जवळजवळ पांढरट होतं. एकाच तुऱ्यात वर गडद आणि खाली फिकी अशी फुलं एकत्र दिसतात. हे रंगवायला क्रेयॉनइतकं सोयीचं साधन नाही.

खोडरबरावर तामणाचं एकच फूल कोरा. यावेळी शाई लावूच नका. जांभळा क्रेयॉन थेट ठशाच्या उठावावर घासा, देठाकडच्या भागावर थोडा गुलाबी. मग फवाऱ्याच्या बाटलीने हातभर अंतरावरून पाण्याचा एकच फवारा मारा. ठसा ओलसर दिसला पाहिजे, पाणी साचता कामा नये. कार्डावर ठेवून तळव्याने दाबा, पाच आकडे मोजा आणि सरळ वर उचला. हे झालं वरचं ताजं फूल. आता पुन्हा रंग न लावता फक्त फवारा मारा आणि त्याच्या खाली दुसरा ठसा घ्या. रंग निम्म्यावर येतो. तिसरा ठसा त्याहून फिका. झाडावर ऊन आणि वेळ जे काम करतात, ते इथे उरलेला रंग करतो. कागद ओला असतानाच क्रेयॉनच्या टोकाने एखाद्या पाकळीची चुरगळलेली कड गडद करा, ओल्या कागदावर ती रेघ मखमली उतरते. पिवळे पुंकेसर शेवटी, कागद पूर्ण सुकल्यावर, नाहीतर पिवळा जांभळ्यात मिसळून मातकट होतो. कळ्यांना ठसा नको, पेन्सिलीच्या मागचं रबर पुरे.

दोन फुलं एकमेकांवर आलेली दाखवायची असतील तर पहिला ठसा एका पातळ कागदावर मारून तो कापून घ्या. कार्डावरच्या पहिल्या फुलावर तो कागदी तुकडा ठेवा आणि दुसरा ठसा त्याच्यावर अर्धवट चढवून मारा. तुकडा उचलला की दुसरं फूल मागे गेलेलं दिसतं. ही युक्ती कळल्यावर माणूस कार्ड भरगच्च करू लागतो. ते आवरावं. कार्डाचा निम्मा भाग मोकळा राहिला पाहिजे, तिथे पत्र लिहायचं आहे.

कागदाकडे दुर्लक्ष केलं तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. साधा झेरॉक्सचा कागद ओला होताच लाटा काढतो. दर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅमचा जलरंगाचा कागद घ्यावा. हातकागद वापरायचा असेल तर आपल्या राज्यात त्याची जुनी परंपरा आहे. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो शतकानुशतकं बनत आला आणि पुण्याच्या शिवाजीनगरातली हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांपासून कागद करते. हातकागदावर आधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब टिपकागदासारखा लगेच मुरला तर त्यावर रंग पसरून रेघ हरवेल. थेंब काही क्षण उभा राहिला तर तो कागद आपला. ठशाचं बाकी सामान एकाच फेरीत हवं असेल तर मध्य रेल्वेने मशीद बंदरला उतरून अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केट पालथं घालावं.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती पावसाची. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टात हवा इतकी दमट असते की कागद आधीच ओल पिऊन बसलेला असतो. शाई सुकायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो. राखीची आणि गणपतीची कार्डं करणाऱ्यांनी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, औषधांच्या डब्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. रंगकाम झालेली कार्डं पंख्याखाली पूर्ण सुकल्याशिवाय एकावर एक रचू नयेत. मेणासारखं द्रव्य दमट हवेत मऊ राहतं आणि एका कार्डाचं फूल दुसऱ्याच्या पाठीला चिकटतं. दिवाळीची तयारी त्या मानाने सुखाची, कारण तोवर हवा कोरडी व्हायला लागलेली असते.

घडी घालण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. एका दिशेला तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेला अडतो. सहज वाकतो त्या दिशेने घडी घातली तर कड फाटत नाही. ए-फोर कागद मधोमध कापून त्याची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. ३०० ग्रॅमच्या कागदाचं असं एक कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत बसतं. पाकीट धरूनही वजन २० ग्रॅमच्या खाली राहतं, म्हणजे टपालाच्या सर्वांत कमी दराच्या टप्प्यात. संक्रांतीला त्यात हलव्याची छोटी पुडी टाकायलाही जागा उरते. पुडी मात्र चपटी आणि पक्की बंद हवी, नाहीतर शिक्का मारणाऱ्या यंत्राखाली हलव्याचा भुगा होतो.

शेवटी कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तीन गोष्टी लिहा: फुलाचं नाव, ते कुठे पाहिलं आणि कोणत्या महिन्यात. ‘तामण, सोसायटीच्या फाटकाजवळ, मे’ एवढं पुरे. अमेरिकेतल्या भाच्याला किंवा नागपूरच्या मावशीला तेवढ्यावरून तुमची गल्ली दिसेल. दिवाळीच्या गर्दीत टपालाला उशीर होतो, तेव्हा कार्डं निदान दहा-बारा दिवस आधी पेटीत टाका. आणि घरात भेंडीची भाजी व्हायची असेल त्या दिवशी चार जून भेंड्या आठवणीने बाजूला काढून ठेवा.